इलेक्ट्रिक की डिझेल? मोठी लक्झरी एसयूव्ही घेताना अडकलोय

घाटवाट (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, दीड महिना झाला, हा विषय डोक्यातून जात नाही. शेवटी धागाच काढतोय.

आमची डिझेल एसयूव्ही सात वर्षांची झाली, आता बदलायची आहे. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाकून आत शिरावं लागेल अशी गाडी नकोच. रोजचं धावणं ३५ ते ४० किलोमीटर, तेही तुकड्यातुकड्यांत. मुलांना सोडणं, ऑफिस, संध्याकाळी परत. आणि महिन्यातून एकदा, कधी दोनदा, सासूबाईंकडे. त्या एकट्या राहतात. अंतर ५८० किलोमीटर.

इलेक्ट्रिकमध्ये बीएमडब्ल्यू आयएक्स आणि मर्सिडीज ईक्यूएस एसयूव्ही, डिझेलमध्ये त्यांच्याच एक्स५ आणि जीएलएस, अशा चार गाड्या चालवून पाहिल्या. चालवताना मन इलेक्ट्रिककडे जातं. घरी येऊन हिशोबाला बसलं की डिझेलकडे.

आताच्या गाडीत डीपीएफचा (धुरातली काजळी पकडणाऱ्या जाळीचा) दिवा दर पंधरा-वीस दिवसांनी लागतो. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी "हायवेला एक चक्कर मारा" सांगून परत पाठवतात. चार वेळा झालं. म्हणून डिझेलवर थोडा राग आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बायकोचा प्रश्न मात्र एकच आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही: "आईचा रात्री दोनला फोन आला तर?"

तिसरा_गिअर

गाडी रात्री कुठे उभी असते? आधी ते सांगा. बाकी सगळं त्यानंतर.

घाटवाट

@तिसरा_गिअर, इमारतीच्या तळघरात, स्वतःची ठरलेली जागा आहे. मीटरची खोली दुसऱ्या टोकाला. मधे बरंच अंतर आहे. समितीला अजून विचारलेलं नाही.

तिसरा_गिअर

मग उद्या सकाळी पहिलं काम ते करा. घरी चार्जर बसत नसेल तर इलेक्ट्रिक विसरा. रोज बाहेरच्या चार्जरवर रांग लावून एवढी मोठी बॅटरी भरायची, हे दोन महिने जमतं, पुढे नाही.

जुना_फिटर

२६ वर्षं डिझेल इंजिनांवर हात काळे केलेत, म्हणून लिहितो. घाटवाट, दोष तुमच्या गाडीचा नाही आणि डिझेलचाही नाही. दोष त्या तुकड्यांचा आहे.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी पकडणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान लागतं आणि एकसारख्या वेगाने दहा-वीस मिनिटं गाडी चालावी लागते. तुम्ही मुलांना सोडायला निघालात, इंजिन जेमतेम गरम झालं, जाळायला सुरुवात झाली आणि शाळेच्या दारात तुम्ही गाडी बंद केलीत. काम अर्धवट. संध्याकाळी पुन्हा तेच.

यात एक गोष्ट मालकांना कुणी सांगत नाही. काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. ते काम वारंवार अर्धवट राहिलं की थोडं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते! माझ्याकडे अशा गाड्या यायच्या. दांडी बाहेर काढली की ऑइल पाण्यासारखं ओघळायचं आणि नाकाला डिझेलचा वास यायचा. टर्बोचं बेअरिंग अशा ऑइलवर किती दिवस टिकणार? आताच्या बऱ्याच महागड्या गाड्यांत तर दांडीच ठेवलेली नाही, स्क्रीनवर आकडा बघायचा. पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलून घ्या, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

रोजच्या ४० किलोमीटरसाठी तुमची निवड चुकीची होती. ५८० किलोमीटरसाठी मात्र डिझेलसारखं इंजिन नाही. मी अजूनही तेच म्हणेन.

रानवाट

फिटरकाकांच्या शेवटच्या वाक्याला दोन्ही हातांनी अनुमोदन.

माझ्याकडे जीएलएस ४५०डी आहे. ३६७ हॉर्सपॉवर, ७५० न्यूटन मीटर टॉर्क, ९० लिटरची टाकी. सात माणसं, डिक्की भरलेली, समोर चढ. पाय नुसता टेकवला की गाडी खालच्या आरपीएमवर, आवाज न चढवता वर जाते. टाकी फुल करून निघालो की ८००-८५० किलोमीटर पंपाकडे बघायचं नाही. भरायला पाच मिनिटं.

आणि एक मुद्दा कुणी काढलाच नाही: ओढण्याची ताकद. मी ट्रेलरवर बोट नेतो. एक्स५ साडेतीन टनांपर्यंत ओढते. आयएक्सची मर्यादा अडीच टन, व्होल्व्हो ईएक्स९० ची २.२ टन, आउडी क्यू८ ई-ट्रॉनची १.८ टन. शिवाय मागे ट्रेलर लावला की इलेक्ट्रिकची रेंज निम्म्यावर येते. चार्जरच्या जागाही गाडी नाक खुपसून उभी करायच्या असतात, ट्रेलर सोडून बाजूला ठेवल्याशिवाय गनची केबल पोचत नाही. हे मी मित्राच्या गाडीबरोबर स्वतः केलंय. पावसात.

निळी_ठिणगी

रानवाट, तुमचा ट्रेलरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बोट ओढणाऱ्याने आज तरी डिझेलच घ्यावी. पण धागाकर्त्यांकडे बोट नाही, बाबा आणि दोन मुलं आहेत.

तीन वर्षं आयएक्स एक्सड्राइव्ह५० चालवतोय, खरे आकडे देतो. वापरता येणारी बॅटरी १०५ युनिट. कागदावर रेंज ६३० किलोमीटरपर्यंत. शहरात ५००च्या आसपास मिळते. हायवेला ११०-१२० ने सलग चालवली की १०० किलोमीटरला २५ युनिट जातात, म्हणजे शंभरावरून शून्यावर यायला ४२० किलोमीटर. शून्यापर्यंत कुणी नेत नाही, तेव्हा ३५० धरा.

एवढा फरक का? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ९० वरून १२० केला, म्हणजे एक तृतीयांशच वाढला, पण हवा पावणेदोन पटीने मागे ढकलते. डिझेललाही हाच नियम आहे. पण तिथे टाकी एवढी मोठी की जाणवत नाही. आम्हाला प्रत्येक दहा किलोमीटरचा वेग टक्क्यांत दिसतो.

चार्जिंगचं तंत्र: १० ते ८० टक्के साधारण ३५ मिनिटं, चार्जर खरोखर २०० किलोवॅटच्या जवळपास देत असेल तर. ८० नंतर वेग पडतो, शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणून रिकामी पोचायचं, ८० ला निघायचं. ५८० किलोमीटरला एक थांबा पुरतो.

रोजचं तर विचारूच नका. ११ किलोवॅटच्या चार्जरवर रात्री लावायची, सकाळी तयार. तुमचे ४० किलोमीटर म्हणजे आठ-नऊ युनिट, तासाभराचंही काम नाही. तीन वर्षांत पंपावर फक्त हवा भरायला गेलोय.

मीनल_त

इलेक्ट्रिकवाल्यांच्या बाजूची असूनही एक अनुभव सांगते, कारण घेण्याआधी हे माहीत असलं पाहिजे.

सकाळी तळघरात गेले. काल रात्री ८२ टक्के चार्ज दाखवत होती. बटण दाबलं, दार उघडेना. हँडल आत गेलेलं, दिवा नाही, आवाज नाही. ॲपवर "गाडीशी संपर्क नाही". किल्लीच्या आतली लोखंडी पट्टी काढून दार उघडलं तर स्क्रीन काळी. एवढी अवाढव्य बॅटरी भरलेली आणि गाडी मेलेली!

कारण काय, तर साधी बारा व्होल्टची बॅटरी. दारं, स्क्रीन, मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच, सगळं त्या छोट्या बॅटरीवर चालतं. ती बसली की मोठीला जागं करायला कुणीच उरत नाही. मेकॅनिक म्हणाला, दिवसातून पंचवीसदा ॲप उघडून गाडीची चौकशी करू नका, दर वेळी ती झोपेतून उठते. तेव्हापासून एक छोटा जंप स्टार्टर घरात ठेवते. गाडीत नाही, घरात. गाडीत ठेवला तर दार न उघडल्यावर उपयोग काय?

चाकोरीबाहेर

मीनलताई, "गाडीत नाही, घरात" हे वाक्य फ्रेम करून तळघरात लावायला हवं :)

कोरी_पाटी

मूळ मुद्दा पर्यावरणाचा नाही का? वीज कोळशावर तयार होत असेल तर धूर फक्त दुसरीकडे गेला. आणि अडीच टनांची गाडी चालवून पर्यावरणाबद्दल बोलणं मला पटत नाही.

ऊर्जामापक

@कोरी_पाटी, प्रश्न योग्य आहे. थोडं सविस्तर उत्तर देतो.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे ८० लिटरच्या टाकीत ८०० युनिट. आयएक्सच्या बॅटरीत १०५. मग आठपट फरक असूनही रेंज दुप्पटच का? कारण चांगल्यात चांगलं डिझेल इंजिन उत्तम परिस्थितीत ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावतं, गर्दीत त्याहून खूप कमी. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. मोटरचं नुकसान त्या मानाने अगदी थोडं, शिवाय ब्रेक लावताना बरीच ऊर्जा परत बॅटरीत येते.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये चाचणीत २६ टक्क्यांपर्यंत पोचलं तेव्हा जग थक्क झालं होतं, कारण वाफेची इंजिनं त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. (हा माणूस १९१३ मध्ये रात्रीच्या बोटीने प्रवास करताना समुद्रात नाहीसा झाला. काय झालं हे अजून नक्की कळलेलं नाही. अवांतराबद्दल क्षमस्व, पण ही गोष्ट मला शाळेपासून चटका लावते.)

कोळशाबद्दल: वीज कोळशाची असेल तर फायदा नक्कीच आक्रसतो, आणि एवढी मोठी बॅटरी बनवतानाच बराच कार्बन खर्च झालेला असतो. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालवणाऱ्याने पर्यावरणासाठी म्हणून मोठी इलेक्ट्रिक घेऊ नये. पण धूर "दुसरीकडे जातो" हे क्षुल्लक नाही. डिझेलचे नायट्रोजन ऑक्साइड शाळेच्या फाटकासमोर, मुलाच्या नाकाच्या उंचीवर बाहेर पडतात. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं, तेव्हा जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीनेच मान्य केलं होतं. त्यानंतरच्या डिझेल गाड्या पुष्कळ स्वच्छ झाल्या, हेही खरं.

अडीच टनांच्या गाडीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

रानवाट

त्या प्रकरणाची शिक्षा आम्ही चांगले डिझेलवाले अजून भोगतोय.

चाकोरीबाहेर

कंपन्यांकडे बघितलं तरी गोंधळच आहे. पोर्शेने २०१८ मध्ये डिझेल सोडलं. व्होल्व्होने २०२४ च्या सुरुवातीला शेवटची डिझेल एक्ससी९० बनवली आणि थेट संग्रहालयात पाठवली. पण त्याच व्होल्व्होने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये "२०३० पासून फक्त इलेक्ट्रिक" ही घोषणाही मागे घेतली. आउडी क्यू८ ई-ट्रॉनचं उत्पादन २०२५ मध्ये बंद झालं. ज्यांचा हा धंदा आहे त्यांचंच ठरत नाही, तर घाटवाटांचं दीड महिन्यात कसं ठरणार!

माझं मत: थांबा. नवी बीएमडब्ल्यू आयएक्स३ सप्टेंबर २०२५ मध्ये आली, ८०० व्होल्टची, ४०० किलोवॅटपर्यंत चार्ज घेते, १० ते ८० टक्के २१ मिनिटांत. मोठ्या गाड्यांतही हे येणारच. आज ४०० व्होल्टची घेतलीत तर तीन वर्षांनी कुणी विचारणार नाही.

निळी_ठिणगी

४०० किलोवॅट घेणारी गाडी १२० किलोवॅटच्या चार्जरवर लावली तर १२०च मिळणार. त्यांच्या वाटेवर कोणते चार्जर आहेत त्यावर अवलंबून.

हिमरेषा

आम्ही कडाक्याच्या थंडीत राहतो. उणे १५ ला माझ्या इलेक्ट्रिकची रेंज पाव ते एक तृतीयांशाने कमी होते. पण शेजाऱ्यांच्या डिझेल गाडीतलं ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) उणे ११ ला गोठतं, टाकीत हीटर असतो म्हणून चालतं, आणि डिझेलही हिवाळ्याचं भरावं लागतं. थंडी कुणालाच सोडत नाही. गाडी प्लगवर असतानाच आतून गरम करून ठेवली तर बॅटरीवर भार पडत नाही.

सांजवात

बाबांबद्दल लिहिते, कारण आईला घेऊन मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांत फिरलेय.

एक: जमिनीखाली बॅटरी असल्यामुळे पाय ठेवायची जागा वर आलेली असते. पुढे फारसं जाणवत नाही, मागे गुडघे वर येतात. तिसऱ्या रांगेत तर मोठ्या माणसाने बसूच नये. बाबांना शोरूममध्ये दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं मागे बसवा.

दोन: पाय उचलला की गाडी स्वतः ब्रेक घेते, तो प्रकार चालवणाऱ्याला छान वाटतो, मागच्याला मळमळतं. माझ्या आईला पहिल्याच दिवशी झालं. सेटिंगमध्ये जाऊन ते सगळ्यात कमीवर आणलं, त्यानंतर आई पूर्ण प्रवासभर झोपली. डिझेलमध्ये ती कधी झोपत नसे. इंजिनाची ती बारीक थरथर तिच्या कमरेला लागायची.

तीन, आणि हे फारच कमी लिहिलं जातं: रात्रीचे चार्जर. पेट्रोल पंपावर दिवे असतात, माणसं असतात. काही चार्जर इमारतीच्या मागे, अंधारात, एकही माणूस नाही अशा जागी आहेत. रात्री एक वाजता मी तिथे चाळीस मिनिटं एकटी काढलीत, दारं लॉक करून. बायको एकटी निघणार असेल तर वाटेतले चार्जर दिवसा जाऊन बघून या.

घाटवाट

सांजवात, हे शेवटचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, माझा प्रश्न हाच होता."

मीनल_त

मग त्या रात्री दोनच्या फोनबद्दल लिहिते. मला तो फोन आलाय, वडिलांचा.

तेव्हा डिझेल होती, टाकी भरलेली होती. सहा तास न थांबता चालवली. पोचलेही वेळेत. पण वाटेत दोनदा डोळा लागला. दुसऱ्यांदा जाग आली ती रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांवर टायर गेल्याचा खडखडाट ऐकून. नवरा शेजारी होता, तोही झोपलेला. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, त्या रात्री मला अर्धा तास थांबवणारी गाडी मिळाली असती तर बरं झालं असतं. रात्री दोनला घाबरलेल्या माणसाने ५८० किलोमीटर एका दमात जायचंच नसतं. डिझेल ते करू देते म्हणून ते बरोबर ठरत नाही.

रानवाट

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. थांबायचं की नाही आणि कुठे, हे मी ठरवायला हवं, गाडीने नाही. मला झोप आली तर मी पहिल्या उजेडाच्या जागी थांबेन. इलेक्ट्रिकमध्ये उजेड असो नसो, चार्जर जिथे आहे तिथेच थांबावं लागतं. सांजवात यांनी तेच लिहिलंय.

मीनल_त

हे मान्य.

तिसरा_गिअर

प्लग-इन हायब्रिडचं नाव कुणीच कसं काढलं नाही? मर्सिडीजने जीएलईची डिझेल प्लग-इन बनवली आहे, ३५०डीई, ३१.२ युनिटची बॅटरी. रोजचे ४० किलोमीटर विजेवर, सासूबाईंकडे डिझेलवर. पेट्रोल चालत असेल तर एक्स५ ५०ई आहेच, विजेवर ८०-९० किलोमीटर आरामात.

जुना_फिटर

चांगला पर्याय आहे, पण डोळे उघडे ठेवून घ्या. दोन यंत्रं एका गाडीत म्हणजे दोघांची देखभाल. रोज प्लगला लावणार नसाल तर बॅटरीचं वजन उगाच वाहत फिराल, मग साधी डिझेल परवडली. डीपीएफचं म्हणाल तर रोज इंजिन सुरूच होणार नाही, म्हणजे अर्धवट जळणंही नाही, आणि महिन्यातून एकदा ५८० किलोमीटर मोकळा श्वास मिळेल. भीती हायवेवर जोरात चढ घेताना अचानक थंडगार इंजिन सुरू होण्याची. थंड इंजिनावर जोर दिलेला कुठल्याच मेकॅनिकला आवडत नाही.

पडता_भाव

विकताना काय मिळतं याचा विचार करा. मोठ्या लक्झरी इलेक्ट्रिक पहिल्या तीन वर्षांत डिझेलपेक्षा वेगाने पडतात. म्हणूनच मी नवी न घेता अडीच वर्षांची वापरलेली घेतली, पहिल्या मालकाने सगळा घसारा सोसला. बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, तिची क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. ईक्यूएसवर मर्सिडीज १० वर्षं, अडीच लाख किलोमीटर देते. बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय सौदा करू नका.

टायरही बघून घ्या. अडीच टनांवर गाडी आणि पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, माझे मागचे टायर २४ हजारांत गुळगुळीत झाले. उलट ब्रेक पॅड जवळजवळ नवे आहेत. ब्रेक इतके कमी लागतात की डिस्कवर गंज चढतो, म्हणून आठवड्यातून एकदा मुद्दाम जोरात ब्रेक मारा.

घाटवाट (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो.

पहिलं, बायकोने महिनाभर वही ठेवली. रोजचे किलोमीटर, आणि रात्री गाडी उभी केली तेव्हा डिझेल किती होतं. ३० रात्रींपैकी १४ रात्री टाकी अर्ध्याच्या खाली होती, पाच रात्री दिवा लागलेला. म्हणजे "फोन आला तर डिझेल तयार असते" हे आमच्या घरात अर्ध्या वेळा खरं नव्हतंच. निघाल्यावर आधी पंपच गाठावा लागला असता. तिसरी रांग वर्षभरात किती वेळा लागली? आठवून आठवून चार वेळा. सात सीटांची हौस सोडली.

दुसरं, शोरूमने आयएक्स तीन दिवसांसाठी दिली. बाबांसकट सगळे सासूबाईंकडे गेलो.

१०० टक्क्यांवर निघालो. ३१८ किलोमीटरवर थांबलो तेव्हा २४ टक्के उरले होते, ठिणगी यांचे १०० ला २५ युनिट अगदी बरोबर निघाले. तिथे दोन चार्जर. एक बंद, स्क्रीनवर नुसती रेघ. दुसऱ्यावर गाडी लागलेली. २२ मिनिटं वाट पाहिली, मग ८० टक्क्यांपर्यंत २९ मिनिटं. म्हणजे ५१ मिनिटं थांबलो. मी वैतागलो होतो. बाबा मात्र मोकळ्या जागेत तीन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "या वेळी उतरल्यावर पाय धरले नाहीत." आजवर एवढ्या प्रवासात मी त्यांना किती वेळ बसवून ठेवत होतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

१८ टक्क्यांवर पोचलो. सासूबाईंच्या ओट्याजवळच्या प्लगला केबल लावली, तर लाल दिवा. त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं! इतकी वर्षं त्यावर सगळं चालत होतं, कुणाला पत्ता नाही. वायरमनने येऊन संध्याकाळी नीट केलं. सहा वाजता लावली, दुसऱ्या दिवशी चारला काढली. २२ तासांत ५५ युनिट, ७० टक्के. परतीला वेग १०० वर धरला आणि त्याच चार्जरपर्यंत १५ टक्के ठेवून पोचलो. १२० ने आलो असतो तर आठच उरले असते.

आता रात्रीचा फोन. रोज ८० टक्क्यांवर ठेवली तर तो ३१८ वाला चार्जर जेमतेम गाठता येतो, ते नको. १९० किलोमीटरवर दुसरी जागा सापडली, चार गन, चोवीस तास माणूस, दिवे. बायको स्वतः उतरून बघून आली. थांबायची जागा तीच, असं दोघांनी ठरवलं. तिथे अर्धा तास, पुढचे ३९० किलोमीटर पुरेनात तर ३१८ वाल्या चार्जरवर थोडं अजून, आणि चालवणारा १९० लाच बदलायचा. मीनलताई, ही अट तिने तुमचा प्रतिसाद वाचून घातली आहे.

रानवाट, तुमचं "मी ठरवणार" हे अजून टोचतं. ते गमावतोय, माहीत आहे.

तेव्हा आयएक्स. पडता_भाव यांच्या सल्ल्याप्रमाणे वापरलेली बघतोय, बॅटरीच्या रिपोर्टसकट.

फिटरकाका, एक प्रश्न. मीटरपासून जागेपर्यंत ४२ मीटर भरलं. थ्री फेज, ११ किलोवॅट. इलेक्ट्रिशियन ६ स्क्वेअर एमएमची केबल पुरे म्हणतो. बरोबर आहे का?

जुना_फिटर

११ ला पुरेल. पण नळी एकदाच टाकणार आहात, १० ची पाच कोअर टाका. उद्या २२ किलोवॅट करायचं झालं तर भिंत फोडावी लागणार नाही. चार्जरला स्वतंत्र आरसीडी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आणि अर्थिंग मोजून घ्या, नुसतं "आहे" म्हणाला तर ऐकू नका. सासूबाईंच्या प्लगचा अनुभव ताजा आहेच.

आणि जुनी डिझेल द्यायच्या आधी ऑइल बदला. घेणाऱ्यालाही सांगा काय झालं होतं ते.

रानवाट

अभिनंदन! बोट ओढायची वेळ आली तर हाक मारा.

घाटवाट

नक्की. ऑइल उद्याच बदलतो. समितीची बैठक रविवारी आहे, केबलचा मार्ग कागदावर काढून नेतोय. तळमजल्यावरच्या काकूंनी आत्ताच विचारलंय, त्यांच्या मुलालाही त्याच नळीतून एक केबल टाकता येईल का.